इंजिन धुवा, पण बेताने



दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. शाळा बंद, धानाची कापणी सुरू आणि घरात सफाईचे वारे. पावसाळा संपला की आमच्याकडे गोधड्या, पेट्या, माळा सगळे उन्हात येते. त्याच उत्साहात मी आमच्या जुन्या गाडीचे बोनेट उघडले आणि लगेच बंद केले. आत पाहवत नव्हते.

नाकाडोंगरीत राहणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको. शेजारी डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची उघडी खाण आहे. तिथले खनिज टॉर्चच्या सेलसाठी जाते. खनिजाचे ट्रक धावतात आणि काळपट धूळ उडते. त्यात कापणीच्या दिवसांतला भुसा, सागाची वाळलेली पाने आणि इंजिनातून पाझरलेले थोडे तेल. या सगळ्याचा मिळून इंजिनावर जो थर बसतो, तो फडक्याने पुसला तर फडके चिकटून बसते.

मी गाडी घेऊन वॉशिंगवर गेले. मुलगा बाहेरून गाडी धुऊन मोकळा झाला, तेव्हा मीच म्हणाले, "बेटा, आतूनही मार जरा." त्याने विचारले, "इंजिनवर मारू का जी मॅडम?" मी म्हटले, "मार, चांगले जोरात मार." त्याने पाइप आत धरला. दोन मिनिटांत इंजिन नव्यासारखे चमकू लागले. मी खुश! बोनेट लावले, घरी आले आणि गाडी सावलीत उभी केली.

रात्री दहाच्या सुमारास अब्बांना धाप लागली. थंडी सुरू झाली की त्यांचा दमा उसळतो, पण त्या रात्री त्यांना वाक्यही पुरे करता येत नव्हते. त्यांना मागच्या सीटवर बसवून आम्ही तुमसरला निघालो. गाडी सुरू झाली, पण आवाज नेहमीचा नव्हता. थोड्या अंतरावर ती झटके खाऊ लागली, समोर पिवळा दिवा लुकलुकला आणि गोबरवाहीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना झाडी असलेल्या रस्त्यावर ती बंद पडली. पुन्हा चावी फिरवली, पुन्हा फिरवली. इंजिन नुसते घरघरत होते. मागे अब्बांचा श्वास ऐकू येत होता. त्या वेळी मला इंजिनाची चमक नाही, फक्त तो श्वास दिसत होता, असे म्हटले तरी चालेल.

वीसेक मिनिटांनी खाणीवरची पाळी संपवून जाणाऱ्या एका भाऊंची जीप थांबली. "बसा जी बाई, बाबाले घेऊन बसा लवकर," एवढेच ते बोलले आणि आम्हाला थेट दवाखान्याच्या दारात सोडून आले. अल्हम्दुलिल्लाह, वाफ आणि औषध मिळाले, पहाटेपर्यंत अब्बा बोलू लागले. अल्लाह त्या भाऊंना भरभरून देवो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गाडी ओढून आणली. त्याने स्पार्क प्लगवरची एक कॉइल उपसली, खाली वाकून पाहिले आणि मला जवळ बोलावले. प्लग ज्या खोलगट भोकात बसतो, त्यात चमचाभर पाणी साचले होते. शेजारच्या भोकातही तेच. "इंजिन धुतलं का जी मॅडम?" मी मान हलवली. तो हसला नाही, ओरडलाही नाही. हवेच्या पाइपने पाणी उडवले, कॉइल उन्हात वाळत ठेवल्या आणि म्हणाला, "पाणी वाईट नाही जी. पण कुठं किती टाकाचं, ते माहीत पाहिजे."

चूक वॉशिंगवरच्या मुलाची नव्हती. "जोरात मार" असे मीच सांगितले होते. म्हणून ठरवले की यंदाचा लेख यावरच लिहायचा. आता आपल्या कितीतरी घरांत जुनी-नवी चारचाकी आहे. ती हौसेची वस्तू कमी आणि दवाखाना, परीक्षा, लग्नकार्य यांची सोय जास्त आहे. वेळेला ती चालली पाहिजे.

इंजिन धुवावे तरी कशाला?

कुणी म्हणेल, एवढा धोका असेल तर हातच लावू नये. तसेही नाही. तेल आणि धुळीचा जाड थर इंजिनाची उष्णता बाहेर पडू देत नाही. शिवाय तेल किंवा कूलंट कुठून गळते आहे, हे त्या थराखाली कळत नाही. स्वच्छ इंजिनावर गळतीचा एक थेंबही दिसतो. काचेखालच्या जाळीत पाने अडकली की पावसाचे पाणी निघून जायला वाट राहत नाही आणि ते नको तिथे शिरते. वाळलेली पाने आणि उंदरांनी आणलेल्या चिंध्या गरम सायलेन्सरच्या नळीवर पडल्या तर आग लागू शकते. आमच्या गाडीत मेकॅनिकला उंदराने अर्धवट कुरतडलेली एक वायरही सापडली. घाणीखाली ती कुणाला दिसली नसती.

तेव्हा सफाई हवी, पण वर्षातून एक-दोनदा पुरे. इंजिन आरशासारखे चमकायची गरज नाही.

पावसाने बिघडत नाही, मग पाइपने का?

हा प्रश्न माझ्या मुलाने विचारला आणि उत्तर विज्ञानाच्या पुस्तकातच होते. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या गच्चीवरची टाकी अंगणातल्या नळापेक्षा पाचेक मीटर उंच आहे, म्हणजे नळाला अर्धा बार दाब. वॉशिंगच्या मशीनचा दाब सहज शंभर बारपर्यंत जातो. तेवढा दाब नुसत्या उंचीने मिळवायचा तर टाकी एक हजार मीटर उंच बांधावी लागेल. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे त्याच्या निम्म्याहून वर टाकी न्यायची!

इंजिनातल्या वायरींच्या जोडांना रबराची सील असते. रस्त्यावरचे उडते पाणी आणि पावसाची सर ती अडवते. शंभर बारची धार मात्र या सीलच्या पलीकडे पाणी ढकलते, आणि आत गेलेले पाणी तिथेच कोंडून राहते. गाडी जुनी असेल तर सील कडक होऊन चिरलेली असते. मी तर वरून बोनेट लावून गाडी सावलीत ठेवली होती, म्हणजे पाणी वाळायची उरलीसुरली वाटही बंद केली होती.

दुसरा धोका याहून मोठा आहे. एअर फिल्टरकडे जाणाऱ्या नळीतून पाणी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गेले, तर इंजिन कायमचे जाऊ शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि पिस्टनला धरणारा दांडा वाकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या कित्येक गाड्या अशाच गेल्या. पाणी ओसरले की लोक घाईने चावी फिरवत आणि जे वाचले असते तेही तुटत असे. साध्या विमा पॉलिसीत अशा नुकसानीची भरपाई बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. म्हणून हे पक्के लक्षात ठेवा: हवेच्या नळीत पाणी गेल्याची शंका जरी आली, तरी चावी फिरवू नका. मेकॅनिकला बोलवा.

आता घरच्या घरी कसे करायचे ते पाहू. त्यानंतर मी हे दोनदा केले आहे. मेकॅनिकने सांगितले, मी वहीत उतरवले, तेच इथे देते.

आधीची तयारी

इंजिन गार असू द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडले तर लोखंड तडकू शकते, साबण वाळून डाग पडतात आणि वाफेने हात भाजतो. गाडी चालवून आणल्यावर दोन तास तरी थांबा. हात सहज टेकवता आला पाहिजे. रेडिएटरचे झाकण तर गरम असताना कधीच उघडू नका.

चावी काढून खिशात ठेवा. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. ओढणी, सैल बाही, बांगड्या सांभाळा, आणि लहान मुलांना दूर ठेवा. नंतर दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची वजा खुणेची वायर सोडवा. घड्याळाची वेळ पुन्हा लावावी लागेल, तेवढेच.

आता पन्न्या आणि रबर. ज्यांना पाणी लागू द्यायचे नाही ते भाग झाका: एअर फिल्टरच्या नळीचे तोंड, अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डबा, फ्यूजचा डबा, संगणकाचा डबा आत असेल तर तो, स्पार्क प्लगवरच्या कॉइल आणि बॅटरी. तेलाचे झाकण आणि तेल मोजायची पट्टी घट्ट बसली आहे का ते पाहा. बाहेरून बसवलेला हॉर्न, जादा लाइट अशा वायरींचे जोड हमखास कच्चे असतात, तेही झाका. पन्न्या किती बांधल्या ते मोजून कागदावर लिहा. एक जरी आत विसरली तर ती पंख्यात अडकेल किंवा गरम नळीवर वितळेल.

सीएनजी किंवा गॅसचे किट असेल तर किटच्या भागांना पाणी लावू नका. आणि गाडी हायब्रिड किंवा विजेवर चालणारी असेल, आत जाड नारिंगी वायरी दिसत असतील, तर घरी हा प्रयोग अजिबात करू नका. त्या वायरींत जिवावर बेतेल इतका विजेचा दाब असतो.

आधी कोरडी सफाई

निम्मे काम पाण्याशिवाय होते. हातमोजे आणि तोंडाला मास्क लावा, कारण उंदरांच्या लेंड्या असतील तर त्यांतून आजार होऊ शकतो. लेंड्या झाडू नका, त्यांवर जंतुनाशकाचे पाणी शिंपडून कागदाने उचला. मग पाने, काड्या, चिंध्या हाताने काढा आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडा. तेलाचा जाड चिखल बसला असेल तर तो लाकडी काडीने खरवडून जुन्या चिंधीत घ्या. हे जितके नीट कराल, तितके पाणी कमी लागेल.

मग साबण आणि थोडे पाणी

अर्धी बादली पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण दोन-तीन चमचे घाला. ब्रश आणि जुना दात घासायचा ब्रश यात बुडवून, झटकून, एकेक भाग घासा. पाच मिनिटे थांबा, पण साबण वाळू देऊ नका.

आपल्याकडे डिझेल किंवा रॉकेल फवारून इंजिन धुण्याची जुनी पद्धत आहे. चमक येते खरी, पण डिझेलने रबराचे पाइप आणि पट्टे फुगतात, मागे राहिलेल्या तेलकटपणावर धूळ आणखी बसते, आणि इंजिन तापल्यावर आग लागण्याचा धोका राहतो. पेट्रोलचे तर नावच काढू नका.

साबण काढायला पाइप नको. मी वुजूचा बधना घेते. त्याच्या तोटीतून बारीक, बिनजोराची धार पडते आणि पाणी नेमके हवे तिथेच जाते. वरून खाली, एकेक भाग. हाताने दाबायची फवाऱ्याची बाटलीही चालते. शेतातला औषध फवारण्याचा पंप मात्र वापरू नका, त्यात विषाचे अंश असतात. जिथे पन्न्या बांधल्या आहेत, तिथे पाणी ओतायचेच नाही. ओले फडके घट्ट पिळून नुसते पुसून घ्यायचे.

वाळवणे हे अर्धे काम

सुती फडक्याने पुसा, पन्न्या काढा आणि मोजा. बोनेट उघडे ठेवून गाडी दोन-तीन तास उन्हात उभी करा. कोपऱ्यात पाणी दिसले तर केस वाळवायच्या यंत्राने मंद हवा द्या. मग बॅटरीची वायर जोडा, गाडी सुरू करा आणि जागेवरच दहा-पंधरा मिनिटे चालू द्या. आवाज एकसारखा हवा. पट्टा ओला असेल तर थोडी किरकिर होईल आणि थांबेल. इंजिन झटके खात असेल किंवा पिवळा दिवा लागला, तर बंद करा, आणखी वाळू द्या, तरीही तसेच राहिले तर मेकॅनिकला दाखवा. सगळे ठीक वाटले की गावातल्या गावात एक फेरी मारा. आणि हे काम सकाळी करा, म्हणजे रात्रीची वेळ आली तर गाडी तयार असेल. दुपारी धुऊन सावलीत ठेवलेल्या गाडीने काय केले ते वर सांगितलेच आहे.

राहिलेले पाणी कुठे जाते?

सुट्टीच्या दिवशी नदी-तलावावर गाड्या नेऊन धुणारे आपण पाहतो. आपला भंडारा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. त्याच पाण्यात मासे वाढतात, त्यावर गुरे येतात, धान पिकते. इंजिनाचे तेल पाण्यावर तवंग होऊन पसरते. म्हणून गाडीखाली जुने पोते आणि त्यावर भुसा पसरून ठेवा. तेलकट थेंब तो शोषून घेतो. उरलेले साबणाचे पाणी विहीर, नाला, तलाव यांपासून लांब, कडेच्या मातीत टाका. तेलाच्या चिंध्या आणि भुसा पन्नीत बांधून कचऱ्यात द्या, चुलीत घालू नका.

पाण्याच्या काटकसरीबद्दल आपल्याला नवे सांगायला नको. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक सा ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आले आहे. मुद्द म्हणजे एका माणसाची भरलेली ओंजळ, आणि सा म्हणजे चार मुद्द. माझ्या इंजिनाला सगळे मिळून तीन-चार लिटर लागले. वॉशिंगवर त्या दोन मिनिटांत किती वाहून गेले असेल, ते मी मोजलेही नव्हते. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी होते. आपल्या जिल्ह्यात पाणी आहे म्हणून ते उधळायला आपले होत नाही.

मेकॅनिकचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हते: पाणी वाईट नाही, कुठे किती टाकायचे ते कळले पाहिजे. एक दिवस अब्बांच्या हाताला जखम झाली होती, पट्टी बांधलेली होती. ते वुजू करताना मी बधन्याने पाणी घालत होते. त्यांनी बाकीचा हात धुतला आणि पट्टीवरून फक्त ओला हात फिरवला. मसह. मी रोज पाहत आलेली गोष्ट, पण त्या दिवशी ती नव्याने दिसली. पाकी निम्मे ईमान आहे असे शिकवणाऱ्या दीनमध्येच, जिथे पाण्याने अपाय होईल तिथे ओतू नका, पुसा, अशी सोय आहे. पाणीच मिळाले नाही किंवा सोसवले नाही, तर तयम्मुम आहे. पाकीचा हट्ट जखमेवर करायचा नाही.

मी अब्बांना हे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "बेटी, गाडीचा मसह झाला असेल तर आता तिची चावी जागेवर लटकव. रात्री शोधावी लागू नये."

चावी आता दाराजवळच्या खिळ्यावर असते. गाडी उभी करताना तोंड रस्त्याकडे, टाकीत अर्धे तरी पेट्रोल. तुमच्याही घरी कुणी म्हातारे, कुणी आजारी असेल तर एवढे आजच पाहून घ्या. सफाई पुढच्या रविवारी केली तरी चालेल, इन्शाअल्लाह.